रंग, जात आणि तरुण देह : मार्केट यार्डच्या बाजूने समकालीन मराठी माध्यमसंस्कृतीचे वाचन

प्रास्ताविक

पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्डावर शहराचा अन्नपुरवठा अवलंबून आहे. रात्री उशिरा गाड्या लागू लागतात, पहाटे माल उतरतो आणि शहर जागे होण्यापूर्वी दिवसाचा मोठा व्यवहार उरकलेला असतो. भुसार, फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले यांचे विभाग वेगवेगळे आहेत. शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशा रकमा मांडलेल्या असतात. म्हणजे येथे अंगमेहनत निदान आकड्याच्या रूपाने कागदावर येते. मराठी चित्रपट आणि मालिका यांतील पुण्यात तिला तेवढीही जागा मिळालेली नाही. ते पुणे पेठांतील वाड्यांचे, डेक्कनचे आणि कोथरूडमधील सदनिकांचे आहे. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) या लोकप्रिय चित्रपटातील तरुण-तरुणी दिवसभर पुणे पायाखाली घालतात. त्यांच्या वाटेत मार्केट यार्ड येत नाही, आणि ते आले नाही याचे प्रेक्षकाला काही वाटतही नाही.

प्रस्तुत लेखात समकालीन मराठी माध्यमांतील तरुण नायक-नायिकांच्या प्रतिमांचा लिंगभाव, वर्ण आणि जात या अंगांनी विचार केला आहे. मार्केट यार्ड हे या विचाराचे उभे राहण्याचे ठिकाण आहे. देहाचा रंग, देहाचे श्रम आणि देहाची जात या तीन गोष्टी येथे एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. माध्यमांनी नेमके तेच केले आहे. रंग उचलून घेतला, जात मागे ठेवली, श्रम चौकटीबाहेर काढले. ज्या थोड्या कलाकृतींनी हे तिन्ही धागे पुन्हा जुळवले त्या मराठी पडद्यावर महत्त्वाच्या ठरल्या. मात्र त्यांचीही नजर मुख्यतः मुलाची राहिली.

'वंश' या संज्ञेचा मराठी प्रवास

माध्यमांतील लिंगभाव, वंश आणि वर्ग यांचा एकत्रित अभ्यास ब्रिटन-अमेरिकेतील विद्यापीठांत रुजला. स्टुअर्ट हॉल यांच्यासारख्या जमैकात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये अध्यापन केलेल्या विचारवंताने त्याला दिशा दिली. तेथील 'वंश' हा शब्द मराठीत आणताना 'म्हणजे आपल्याकडची जात' असे समीकरण सहज मांडले जाते. हे समीकरण सोयीचे असले तरी पुरेसे नाही. दुसऱ्या बाजूला, ही तुलनाच परकी आहे हा आक्षेपही टिकत नाही. ती पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी झालेली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा अशी अपेक्षा व्यक्त केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका अधिक काटेकोर होती. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. पुढे अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथातही अस्पृश्यतेचे मूळ वांशिक भेदात शोधण्यास त्यांनी नकार दिला. मात्र त्याच १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे नेलेल्या निवेदनाची माहिती मागवली. या दोन गोष्टींत विसंगती नाही. साम्य रक्ताचे नसून समाजातील स्थानाचे आहे, हा त्यांचा विवेक होता. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेतले तेही याच अर्थाने. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातील 'दलित' या व्याख्येत कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया यांचाही समावेश होता. २००१ च्या दरबान परिषदेत जातीचा प्रश्न वंशभेदाच्या चर्चेत आणण्यास भारत सरकारने विरोध केला, तेव्हा हा वाद पुन्हा वर आला.

या परंपरेतून एक कसोटी हाती लागते. त्वचेचा रंग ही जातीची खात्रीची खूण नाही. प्रत्येक जातीत सर्व रंगांची माणसे असतात. तरीही मराठी समाजात रंगाकडे पाहण्याची दृष्टी जातीने आणि उन्हातल्या कामाने घडवलेली आहे. तेव्हा एखादी कलाकृती रंगाविषयी बोलत असेल, तर ती या घडवणुकीविषयी काय सांगते किंवा काय दडवते, हे पाहावे लागते.

मालिकेतील काळा रंग

'स्टार प्रवाह' वाहिनीवरील 'रंग माझा वेगळा' ही मालिका २०१९ ते २०२३ या काळात चालली. मूळ कथा 'करुत्तमुत्तु' या मल्याळम मालिकेची. दीपा ही काळ्या रंगाची, गुणी, सोशिक मुलगी. सौंदर्या इनामदार या श्रीमंत सासूला काळ्या रंगाचा तिटकारा. मुलगा डॉक्टर आणि त्याचे दीपावर प्रेम. रंगभेदाला मराठी घराघरांत चर्चेचा विषय केल्याचे श्रेय या मालिकेला द्यावे लागेल. मुलीच्या रंगावरून तिला जन्मभर ऐकून घ्यावे लागते हे सत्य रोज संध्याकाळी मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे मांडले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

पण मांडले गेले ते कसे? दीपाची भूमिका करणाऱ्या उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला रंगभूषेने काळे करण्यात आले. पडद्यावर जो रंग नायिकेचे प्राक्तन म्हणून दाखवला जात होता, तो प्रत्यक्षात चित्रीकरण संपल्यावर पुसता येत होता. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची सोंगे आणण्याची जुनी प्रथा होती. तिच्यामागे उपहास होता, येथे करुणा आहे. फरक मोठा आहे. परिणामात मात्र एक साम्य राहते. काळ्या रंगाच्या दुःखाची कथा सांगतानाही काळ्या रंगाच्या अभिनेत्रीला काम मिळत नाही. मालिका ज्या पूर्वग्रहाविरुद्ध बोलते, त्याच पूर्वग्रहाने तिची पात्रयोजना झालेली असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'इनामदार' हे आडनाव जमिनीच्या, वतनाच्या आणि सत्तेच्या इतिहासाने भरलेले आहे. मालिका ते केवळ श्रीमंतीची खूण म्हणून वापरते. दीपाचा रंग हा तिच्या जन्माचा योगायोग ठरतो. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोण उन्हात राबले हा प्रश्न निघत नाही. सासूचा तिटकारा ही एका स्त्रीच्या स्वभावाची विकृती होते आणि म्हणून हृदयपरिवर्तनाने ती दूर होऊ शकते. वर्तमानपत्रांतील वधू-वर सूचक जाहिरातींत 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' हे शब्द जातीच्या आणि पोटजातीच्या नावांशेजारीच छापलेले असत. भुसार बाजारात धान्याची प्रत ठरवावी तशी त्यांतील भाषा होती. निदान तिच्यात काही लपवलेले नव्हते. मालिकेने त्या दोन शब्दांपैकी एक ठेवला आणि दुसरा गाळला.

गाळण्याचे कारण वाहिनीला जात वर्ज्य होती असे म्हणता येत नाही. २०१९ सालीच त्याच वाहिनीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली होती. तिच्यात अस्पृश्यतेचे प्रसंग नावानिशी दाखवले गेले. म्हणजे एकाच वाहिनीच्या एकाच काळातील कार्यक्रमांत जातीला इतिहास म्हणून प्रवेश होता, वर्तमान म्हणून नव्हता. जातीचा अपमान शंभर वर्षांपूर्वीच्या वेशभूषेत यावा आणि आजच्या बंगल्यात फक्त रंगाचा अपमान उरावा, ही विभागणी विचार करायला लावणारी आहे.

येथे मराठी परंपरेतील एका विसंगतीचीही नोंद घ्यायला हवी. पंढरीचा विठ्ठल काळा, कृष्ण सावळा. त्यांच्या रंगाचे कौतुक करताना संतांची वाणी थकत नाही. देवाचा आणि पुरुषाचा काळा रंग भक्तीचा व प्रेमाचा विषय होऊ शकतो, तर लग्नाच्या मुलीचा काळा रंग खर्चाचा विषय होतो. १९७५ साली भारतात आलेले 'फेअर अँड लव्हली' हे मलम याच भयावर पोसले गेले. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आंदोलने चालू असताना उत्पादक कंपनीने त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' असे बदलले. डबीवरून 'गोरेपणा' गेला आणि 'झळाळी' आली. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातील फिल्टर हेच काम विनाखर्च करतो आणि वस्तीतल्या मुलीलाही तो सहज उपलब्ध आहे.

'फँड्री' : उन्हाचा रंग

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट २०१३ मध्ये महोत्सवांतून दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यास बालकलाकाराचा. प्रेमाच्या दिवशी प्रदर्शित झालेला हा चित्रपट वरवर पाहता एका शाळकरी मुलाच्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट आहे. कैकाडी समाजातील जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकतो. त्याला जीन्सची पँट हवी आहे. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिला जाळून केलेली राख शालूवर टाकली की ती वश होईल असे त्याच्या कानांवर आले आहे.

जीन्स आणि चिमणी या दोन गोष्टींत या मुलाचे सारे विश्व सामावले आहे. जीन्स ही बाजाराने तरुणाला दिलेली ओळख आहे. पैसे मोजले की ती अंगावर चढते आणि अंगावर चढली की जात झाकते, निदान तसे वचन देते. चिमणी हे जुन्या जगाचे साधन आहे. शालू गोरी, चिमणी काळी. आणि गोऱ्या मुलीला वश करणारी मोहिनी काळ्याच पाखराच्या राखेत आहे. फ्रान्झ फॅनन यांनी 'काळी त्वचा, गोरे मुखवटे' (१९५२) या ग्रंथात गोऱ्या प्रेयसीच्या नजरेतून स्वतःला माणूस ठरवून घेऊ पाहणाऱ्या काळ्या पुरुषाची मानसिकता उलगडली आहे. जब्याच्या संदर्भात ते विवेचन आठवते, पण तंतोतंत लागू पडत नाही. जब्याला गोरे व्हायचे नाही. त्याला डुकरे धरणाऱ्याचा मुलगा म्हणून दिसायचे नाही. त्याची लाज त्वचेची नाही, कामाची आहे, आणि ते काम त्याच्या जातीला नेमून दिलेले आहे. 'रंग माझा वेगळा' आणि 'फँड्री' यांतील मूलभूत अंतर येथे आहे.

चित्रपटातील ऊन हे नेपथ्य नाही. माळरान, शाळेचे आवार, डुकरांमागची धावाधाव हे सगळे त्याच उन्हात घडते आणि रंग तेथून येतो हे कॅमेरा कोठेही न सांगता दाखवतो. शेवटच्या भागात कचरू माने आपल्या कुटुंबासह डुक्कर धरतो. मुलीच्या लग्नासाठी पैसा लागणार आहे, म्हणून हे काम त्याला टाळता येत नाही. गाव हा पाठलाग करमणूक म्हणून पाहतो. वर्गातील मुले पाहतात, शालूही पाहते आणि हसते. राष्ट्रगीत सुरू होताच सारे कुटुंब जागच्या जागी थांबते आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे आहेत. या दृश्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवायचे की ही चित्रे आणि ते ओझे प्रथमच एका चौकटीत आले. मालिकेने ज्यांना दोन वेगळ्या वेळा नेमून दिल्या होत्या, तो इतिहास आणि ते वर्तमान येथे एकमेकांसमोरून गेले.

जब्याचा दगड शेवटी कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, दिशेने येतो. चित्रपट प्रदर्शित होऊन अडीच महिने झाले नसतील तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे होते, असा संशय त्यामागे असल्याचे सांगितले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. 'फँड्री'चा शेवट ज्यांना अतिरेकी वाटला होता त्यांना या घटनेनंतर आपले मत पुन्हा तपासून पाहावे लागले असेल.

'सैराट' आणि मुलीचे धाडस

२९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या 'सैराट'ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे मापदंड मोडले. करमाळ्याच्या परिसरातील बोली, अजय-अतुल यांचे संगीत आणि अकलूजची रिंकू राजगुरू हिच्या रूपाने अवतरलेली आर्ची, यांनी तरुण प्रेक्षकाला वेड लावले. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा येथून १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही पोटासाठी पुण्यात आलेल्या कुटुंबांना ही बोली परकी नव्हती. मार्केट यार्डालगतच्या आंबेडकरनगरसारख्या वस्त्यांत ती घरात बोलली जाते. शाळेत जी भाषा 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त केली जाते, तिच्यात प्रेम करता येते आणि तिकीट काढून ते पाहायला शहर रांग लावते, हा अनुभव तरुणांसाठी नवा होता.

आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, पाटलाच्या मुलीच्या तोऱ्यात बोलते. स्त्रीवादी समीक्षेने तिच्या या धाडसाचे स्वागत केले ते योग्यच होते. तथापि या धाडसाचा उगम कोठे आहे हे दृष्टीआड करता येत नाही. आर्ची निर्भय आहे, कारण गाव तिच्या वडिलांचे आहे. मंजुळे यांना याची जाण आहे, म्हणून तर उत्तरार्धात ते तिला हैदराबादच्या झोपडपट्टीत आणून सोडतात. तेथे ती वास सहन करायला शिकते, कारखान्यात काम करते, परकी भाषा ऐकते. सत्ता गेल्यावर तिचे व्यक्तिमत्त्व खऱ्या अर्थाने घडू लागते. आणि तेथेच परश्या, आतापर्यंतचा हळवा आणि पुस्तकांत रमणारा परश्या, संशयाने तिच्यावर हात उचलतो. जातीने खालच्या पायरीवर असलेला तरुण नवरा झाला की लिंगभावाच्या वरच्या पायरीवर जातो, ही गोष्ट मराठी पडद्यावर इतक्या थेटपणे क्वचित आली असेल. चित्रपटाच्या चाहत्यांनी या प्रसंगाची चर्चा जवळजवळ केली नाही. गाण्यांचे नाच मात्र लग्नाच्या वरातींतून गाजले.

हिंदी रूपांतर 'धडक' (२०१८) याच्याशी तुलना केली म्हणजे 'सैराट'चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. कथा उदयपूरला गेली, पात्रे देखणी आणि गोरी झाली, जात एखाद्या वाक्यापुरती उरली. शेवटही बदलला. मूळ चित्रपटात आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात आणि रक्ताने माखलेल्या पायांनी लहानगे बाहेर पडते. हिंदीत नायक आणि मूल मरते, नायिका जिवंत राहते. वरवर हा बदल नाट्याचा वाटतो. पण जातीच्या नावाने होणारी हत्या मुलीच्याच माहेरचे लोक करतात आणि तिलाही सोडत नाहीत, हे मराठी चित्रपटातील कठोर सत्य त्याने सौम्य होते. आपल्याच मुलीला मारणारी प्रतिष्ठा हिंदी प्रेक्षकाला दाखवायची नव्हती, असा निष्कर्ष काढावा लागतो.

मुलगी कोठे आहे?

'पिस्तुल्या' (२००९) या मंजुळे यांच्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपटातील नायक मुलगा आहे. 'फँड्री'चा नायक मुलगा आहे. विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी' या चित्रपटातील, अंगाला येणारा कामाचा वास घालवण्यासाठी अत्तराच्या मागे लागलेला गोपीही मुलगाच. प्रत्येक कलाकृती आपापल्या जागी प्रामाणिक आहे. सर्व एकत्र ठेवल्यावर मात्र एक रचना दिसू लागते. कनिष्ठ जातीतील तरुणपण म्हणजे मुलाचे तरुणपण. मुलगी असेल तर ती वरच्या जातीतली आणि मुलाच्या इच्छेचा विषय. जब्याच्या बहिणीचे लग्न हे 'फँड्री'च्या कथानकाला गती देणारे कारण आहे, पण तिला काय हवे आहे हे प्रेक्षकाला कळत नाही. तिला जीन्स हवी होती का?

डॉ. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या स्वराविषयी मांडणी करताना दाखवून दिले होते की दलित चळवळीने 'दलित' पुरुष गृहीत धरला आणि स्त्रीचळवळीने 'स्त्री' सवर्ण गृहीत धरली. पुणे विद्यापीठात अध्यापन केलेल्या रेगे यांचा हा निष्कर्ष दृश्यमाध्यमांना आजही लागू पडतो. मराठी साहित्यात ही उणीव बरीच भरून निघाली आहे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही आत्मकथने मराठी वाचकांपुढे येऊन बराच काळ लोटला. विशेष म्हणजे शांताबाईंच्या आत्मकथनावर आधारित 'नाजुका' ही मालिका १९९० साली मुंबई दूरदर्शनवर दाखवली गेली होती. एका दलित मुलीच्या शाळेची, भुकेची आणि शिक्षिका होण्याची कथा सरकारी वाहिनीने तेव्हा घराघरांत नेली. खासगी वाहिन्यांची रेलचेल झाल्यावर त्या मुलीची जागा रंगवून काळी केलेल्या सुनेने घेतली. माध्यमांचा विस्तार म्हणजे प्रतिनिधित्वाचा विस्तार, हा समज या उदाहरणाने डळमळीत होतो.

मोबाइलच्या युगाने काही वेगळे घडवले का? पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढलेला एम. सी. स्टॅन हा रॅप गायक फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस'चा विजेता झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुणांनी घडवलेला हा गायनप्रकार पुण्याच्या वस्तीत पोचला, ही फुले आणि पँथर यांच्या तुलनेची अनपेक्षित, बिनग्रंथी पुढची पायरी म्हणता येईल. वस्तीचा पत्ता लपवायचा नसतो, मिरवायचा असतो, हे त्याने तरुणांना शिकवले. मात्र त्याच्या गाण्यांतील स्त्रियांविषयीच्या शिवराळपणावर झालेली टीकाही खोटी नाही. वस्तीतील मुलगा मोठा झाला. त्याच्या गाण्यात वस्तीतील मुलगी आहे तीच राहिली.

नर्तकी गौतमी पाटील यांच्याभोवती उठलेले वादळ दुसऱ्या टोकाचे आहे. मोबाइलवरील चित्रफितींतून गावोगाव पोचलेल्या त्यांच्या नृत्यावर अश्लीलतेचा आरोप झाला. २०२३ मध्ये त्यांनी 'पाटील' हे आडनाव लावू नये, अशी मागणीही काहींनी केली. रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर लिहिताना दाखवले होते की या कलेत स्त्रीच्या देहाचा व्यवहार जातीच्या चौकटीतच होत आला. आडनावावरचा हा आक्षेप त्याच चौकटीची आठवण देतो. नाच पाहण्यास हरकत नव्हती. नाचणारीचे आडनाव प्रतिष्ठितांचे असावे, याला हरकत होती.

ओझे आणि ओळखपत्र

आता पुन्हा मार्केट यार्डाकडे वळावे लागते. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमालांची पंचायत उभी केली. डोक्यावरच्या ओझ्याला वजनाची मर्यादा असावी, हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळावी, यासाठी दीर्घ लढा झाला. १९६९ च्या माथाडी कायद्याने या श्रमाला कायद्याचे नाव दिले. १९७४ साली सुरू झालेल्या 'कष्टाची भाकर' केंद्रांनी कामगाराला परवडणारे जेवण दिले. हे सारे मोठेच काम. तरी 'माथाडी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो पुरुष. धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, सांडलेला दाणा झाडून गोळा करणाऱ्या स्त्रिया त्या शब्दात चटकन दिसत नाहीत.

१९९३ साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. या स्त्रियांना संघटनेने छायाचित्र असलेली ओळखपत्रे दिली आणि पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. तोवर कचऱ्याच्या ढिगावर दिसलेल्या बाईवर चोरीचा संशय घेतला जाई. पोलिसाने हटकले तर दाखवायला तिच्याजवळ काही नसे. माध्यमसंस्कृतीच्या अभ्यासात अशा ओळखपत्राचा विचार सहसा होत नाही. वास्तविक तेही एक चित्र आहे. त्यात चेहरा उजळ केलेला नाही, काळा रंगवलेला नाही, आणि चेहऱ्याखाली कामाचे नाव लिहिलेले आहे.

मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या हिंदी चित्रपटात या प्रश्नाची एक खूण सापडते. नागपूरच्या वस्तीतील मुलांच्या फुटबॉल संघाची ही कथा विजय बारसे यांच्या कार्यावरून घेतलेली आहे. त्यात रिंकू राजगुरूने साकारलेली आदिवासी मुलगी मोनिका पारपत्रासाठी कागद जमवत हिंडते. आपण कोण, हे सिद्ध करणारा कागद तिच्या बापाजवळ नाही, आजोबाजवळ नव्हता. आर्चीचा तोरा जिला शोभला, तीच अभिनेत्री येथे कचेऱ्यांच्या दारांत उभी राहते. येथे तरुण मुलीची ओळख प्रेमाने ठरत नाही, रंगाने ठरत नाही. शासनाच्या शिक्क्याने ठरते. तीन तासांच्या चित्रपटात मोनिकाला मिळालेली जागा थोडी आहे आणि तिची कथा मुलांच्या संघाच्या कथेला जोडून येते. तरीही मुख्य प्रवाहाच्या पडद्यावर श्रमिक घरातील मुलगी कोणाची प्रेयसी, बहीण किंवा सून नसताना, स्वतःच्या कामासाठी घराबाहेर पडलेली येथे दिसते, आणि तिचा बाप तिच्याबरोबर चालत असतो.